सोयाबीन पिवळं पडलंय? झिंक आणायच्या आधी शेंडा बघा

आठ दिवस रिपरिप लागली की चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं, मग आपला गडी सरळ दुकानात जातो, दुकानदार झिंकवालं (म्हणजे जस्ताचं) महागडं मिक्स मायक्रोन्यूट्रियंट, सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, हातात देतो आणि आठवड्यानं रान आणखी पिवळं. दरवर्षी तेच.

आधी पान बघा ना! शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्याच, खालची पानं ठणठणीत, म्हणजे लोह कमी पडतंय. खालची पिवळी असतील तर बहुतेक नत्र. पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक, विषाणूचा रोग, त्याला खत नाही, झाड उपटून गाडा.

लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही, म्हणून मार शेंड्याला, कारण पेशी तिथंच दुणावत असतात आणि दुणावायला लोह लागतं, हरितद्रव्यालाही लागतं. रानात लोह भरपूर असतं हो, पण चुन्यानं अडकलेलं, त्यात पाणी साचलं की अजूनच. मुळं ज्या दारातून लोह आत घेतात त्याच दारातून जस्त, मँगनीजही घुसतं. आधीच लोह थोडं, त्यात वरून जस्ताची गर्दी केली की लोह बाहेरच. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून साठलेलं तांबंही असंच आडवं येतं.

झिंकशी माझं भांडण नाही, माती परीक्षणात ०.६ पीपीएमच्या खाली आलं तर टाकाच. लोहाला तीच रेघ ४.५ ची. पण रिपोर्ट काढतो कोण?

उपाय स्वस्त, म्हणून कोणी सांगत नाही. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारणी, ८-१० दिवसांनी परत. सल्फेट हिरवट हवं, तांबूस झालेलं घेऊ नका. शंका असेल तर आधी एकच ओळ फवारा, आठवडाभरात शेंडा हिरवा धरला तर बाकीचं रान घ्या. वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिल्यावर, मारलेलं जास्त लागू पडतं असा माझा आपला अंदाज, पण पानं जळायला लागली तर वाट बघू नका, उघडीप मिळेल तेव्हा उरका.

उसाच्या खोडव्याला केवडा असेल, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी-पांढरी पडली असतील, तर हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या, नुसतं फेकलं तर चुन्यात गेलं.

बाकी कामं:
- साचलेलं पाणी चर काढून आजच बाहेर
- वाफशावर कोळपणी
- मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे
- डीएपीचा जादा डोस बंद, त्यातलं स्फुरदही लोह अडवतं