जेलमधल्या माणसाला मंडळीने मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं

दर नाताळात आपल्या बऱ्याच मंडळ्या (चर्च) जेलमध्ये जातात, चार गाणी, केक, छोटासा संदेश, झालं, मग पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणाला आठवण पण नसते. मत्तयच्या 25व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो मी तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात, आणि तिथे तो कैदी निर्दोष होता का, कोणत्या जातीधर्माचा होता असलं काही विचारलेलं नाहीये. म्हणजे आपणही ते विचारायचं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) 2022 च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जेलमध्ये चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे अजून गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यातल्या काहींना तर जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून ते आत बसलेत. माझ्या मते मंडळीने सगळ्यात जास्त जोर इथेच लावावा.

सुरुवात घरच्यांपासून करा, जेलच्या गेटपासून नको. तुमच्याच वस्तीत एखादी ताई असेल जिचा नवरा येरवड्याला किंवा तळोज्याला आहे आणि ती लाजेने उपासनेला यायची बंद झालीय. तिच्या घरी जा, उपदेश नको, कागद बघा. बहुतेक वेळा एका प्लास्टिकच्या पिशवीत एफआयआरची झेरॉक्स, वकिलाचं कार्ड आणि रेशनकार्ड एवढंच निघतं, आणि पुढची तारीख कधी ते तिला कोणी सांगितलेलंच नसतं. सीएनआर नंबर (कोर्टाने केसला दिलेला ओळख नंबर) मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस काढा, तारीख तिला मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि त्या दिवशी कोणीतरी तिच्यासोबत कोर्टात जा.

वकील नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, हेल्पलाईन 15100.

आता जामीन. बेल ऑर्डर होऊनही माणूस सुटत नसेल तर वकिलाला सांगून अट शिथिल करायचा अर्ज टाकायला लावा, कारण महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर कोर्टाने अटी बदलायचा विचार करावा असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना पण आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते, प्राधिकरणात त्याबद्दल विचारा. शिवाय पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आतच गेला असेल तर नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या (बीएनएसएस) कलम 479 खाली जामिनावर सुटायची सोय आहे, फक्त फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ती लागत नाही.

आणि जामीनदार? तो आपल्यातलाच कोणीतरी व्हावा. आधार, रेशनकार्ड, सॅलरी स्लिप किंवा घराची टॅक्स पावती, साधारण एवढे कागद लागतात. माणूस तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्या अंगावर येते, हे घरी बायकोमुलांशी बोलून ठरवा, भावनेच्या भरात सही नको. पण घाबरून सगळेच मागे सरले तर मग आपण बंधुप्रेम कशाला म्हणतो? पौल बेड्यांत होता तेव्हा अनेसिफर रोममध्ये त्याला शोधत शोधत गेला, त्याला त्या बेड्यांची लाज वाटली नाही. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जामीनदार मात्र चुकूनही घेऊ नका, कागद खोटे निघाले तर आतला माणूस अजून अडकतो.

मुलाकातीला आधी घरच्यांचा नंबर लागू द्या, त्यांचं भाडं तुम्ही द्या, ई-मुलाकातचं (जेलभेटीची ऑनलाईन नोंदणी) बुकिंग करून द्या. मनीऑर्डर नियमित पाठवा, कॅन्टीनचा साबण-बिस्किटं त्यातूनच येतात. ग्रुपने आत जायचं असेल तर अधीक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि आत गेल्यावर धर्मांतराचा विषय काढायचाच नाही, अडचणीत असलेल्या माणसाच्या गरजेचा फायदा घेणं हे प्रभूला शोभणारं काम नाही. चिठ्ठ्या, फोन आत-बाहेर करू नका, कोणी कितीही रडून सांगितलं तरी.

सुटकेच्या दिवशी संध्याकाळी उशीर होतो, ऑर्डर वेळेत पोचली नाही तर दुसरा दिवस उजाडतो, म्हणून गेटवर थांबणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. नंतरचे तीन-चार महिने पोलीस स्टेशनची हजेरी आणि कोर्टाची तारीख चुकू देऊ नका, आणि मंडळीत कोणाचं गॅरेज, दुकान असेल तर त्याला कामावर ठेवा.