स्लीप स्टडीला जाताय? आधी डोकं धुवा

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं (स्लीप अॅप्निया) तपासायला डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, लिहून दिली की आपण निवांत होतो. रात्री जाऊन झोपायचंच तर आहे, त्यात तयारी ती कसली! तयारी लागते, आणि ती केसांपासून सुरू होते. त्या दिवशी साध्या शाम्पूने डोकं धुवा, कोरडं करा आणि पुढे केसांना काहीही लावू नका. तेल नाही, कंडिशनर नाही, जेल नाही. 'थोडंसंच चोपडलंय' हेही नाही. माझी आधीची एक रात्र ह्यापायीच वाया गेली.

कारण सांगतो. मेंदूच्या लहरी टिपायला डोक्यावर छोट्या वाटीसारखे इलेक्ट्रोड लावतात. तंत्रज्ञ केस बाजूला करून कातडी खरखरीत जेलने घासतो, मग पेस्ट, वर कापसाचा तुकडा. कातडी तेलकट असली की सिग्नल धड येत नाही, आणि दोनदा कूस बदलली की वायर सुटते. ती सुटली की तुम्ही झोपला होतात की नुसते डोळे मिटून पडला होतात, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि सगळा हिशेब तर झोपेच्या तासांवरच चालतो. श्वास किमान १० सेकंद थांबणं, किंवा ऑक्सिजन घसरेल वा झोप चाळवेल इतका उथळ होणं, असे प्रसंग झोपेच्या दर तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. झोपेचे तासच माहीत नसतील तर भागायचं कशाने?

दुसरं, शेजारी झोपणाऱ्याची साक्ष. 'किती जोरात घोरतो' हे विचारू नका, त्यावर फक्त भांडण होतं. घोरता घोरता मधेच एकदम शांत होतं का, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो का, हे विचारा. अरुंद झालेल्या घशातून हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते, ते घोरणं. शांतता पडली की घरच्यांना हायसं वाटतं, पण घसा पुरता मिटलेला असू शकतो. तेव्हा छाती-पोट हलत असतं आणि हवा मात्र आत जात नसते. फोनवर दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा. एकटे राहत असाल तर आवाज तरी रेकॉर्ड करा. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, हे सगळं कागदावर लिहून न्या. दिवसा किती पेंग येते ते मोजणारा एपवर्थचा फॉर्म देतील: ८ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण, बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त. तिथे शहाणपणा करू नका. गाडी थांबलेली असताना डुलकी लागते का, ह्या प्रश्नावर तर अजिबातच नाही.

चाचणीच्या दिवशी दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको. दारूने घसा आणखी सैल पडतो, म्हणून तीही नको. रोजची सवय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नेहमीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी घेत असाल तर विचारून ठरवा. नेलपॉलिश काढा, बोटाच्या सेन्सरचा प्रकाश आरपार जावा लागतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तर फोन करून तारीख बदला. सैल कपडे, स्वतःची उशी, बाकी तुम्हाला कळतंच. आणि केस! संध्याकाळी निघताना सवयीने तेलाच्या बाटलीकडे हात जातो, तो तिथेच थांबवा.

'तिथे मला झोपच लागणार नाही' असं सगळेच म्हणतात. काही तासांची झोपही बहुतेक वेळा पुरते. जमेल तितका वेळ उताणे झोपा, कारण तेव्हा जीभ मागे पडते आणि त्रास खरा दिसतो. घरी करायच्या चाचणीत डोक्याला वायरी बहुधा नसतात, म्हणजे तेल माफ. पण तिथे झोपेऐवजी मशीन चालू असल्याचे तास धरले जातात, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं जोरदार असताना रिपोर्ट 'नॉर्मल' आला तर गप्प बसू नका.

रिपोर्टमध्ये एएचआयखेरीज ऑक्सिजन किती खाली गेला आणि कुशीवर आकडा बदलतो का, तेही बघा. सीपॅप, म्हणजे झोपताना मास्कमधून हवा देणारं मशीन, लिहून दिलं तर घाबरू नका. ते ऑक्सिजन देत नाही, साध्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते मांडलं. मास्क निवडताना घाई नको, आडवं होऊन बसवून बघा, गळतीनेच लोक कंटाळतात. रात्री ४ तास ही किमान मर्यादा समजा, झोपाल तितका वेळ लावा. सौम्य-मध्यम त्रासात जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण चालू शकतं. वजन जास्त असेल तर उतरवा. मुलांमध्ये टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) आधी तपासा. उपचार लागू पडेपर्यंत पेंगत गाडी चालवू नका, आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला हे आधी सांगा. सीपॅप असेल तर सोबत न्या.