मिरगाआधी खताची जमवाजमव

यंदा २० गुंठे भात चारसूत्रीने (भाताचे अवशेष, हिरवा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि खोल खोचलेली खताची गोळी, अशा चार सूत्रांची पद्धत) लावायचं मनात असेल, तर मे महिना नुसता आंब्या-फणसात घालवू नका. कोकणात खत कमी पडत नाही, ते टिकत नाही. एवढा पाऊस आणि जांभ्याची माती. वरून फेकलेला युरिया मेरेवरून (बांधावरून) शेजाऱ्याच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, आणि तिथून व्हाळात (ओढ्यात) जातो. स्फुरदाला (फॉस्फरसला) मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे पोती किती आणायची यापेक्षा खत ठेवायचं कुठे, हे आधी ठरवावं लागतं.

माती परीक्षण राहिलं असेल तर आधी ते उरका, अहवाल यायला वेळ जातो. वेड्यावाकड्या वाटेने चालत ८-१० ठिकाणी 'व्ही'सारखा खड्डा करा, साधारण १५-२० सेंमी खोलीपर्यंतची माती खरवडून एकत्र करा आणि तिच्यातली अर्धा किलो पाठवा. मेरेलगतची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नका. आंबट जमीन निघाली म्हणून चुन्याच्या मागे धावू नका. खाचरात पाणी उभं राहिलं की आम्लता बरीच उतरते आणि अडकलेला थोडा स्फुरदही सुटतो.

मग पाला मोजायचा. गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) हिरवी पानं, म्हणजे २० गुंठ्यांना ६०० किलो. आकडा ऐकून घाम फुटतो, पण बांधावरची झाडं आत्ताच मोजून ठेवलीत तर ऐन वेळी शेजाऱ्याच्या कुंपणावर डोळा ठेवावा लागत नाही. चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या शेतात पसरायच्या. पानं गळतात, काटक्या चुलीला जातात. झाडंच नसतील तर पाऊस लागला की बांधावर खुंट खोचा, यंदा नाही तर पुढे उपयोगी पडतील. गेल्या हंगामातला पेंढा सगळा गुरांना घालू नका, गुंठ्याला २० किलो पहिल्या नांगरणीत गाडायला हवा.

तरव्यासाठी, म्हणजे रोपवाटिकेसाठी, भातगिरणीतून तूस आणा आणि जाळून काळी राख करा. वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोपं ताठ होतात. राब भाजण्यासाठी, म्हणजे तरव्याच्या जागेवर पाला-फांद्या जाळण्यासाठी, ऐन-किंजळीची झाडं ओरबाडण्याची सवय या निमित्ताने सुटली तर बरंच. बियाण्याचं मिठाचं पाणी सर्वांना माहीत आहेच: १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते फेका.

आता मुख्य काम. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीचा जीव युरिया-डीएपीच्या गोळीत आहे. एक गोळी २.७ ग्रॅमची. गुंठ्याला साधारण ६३० लागतात, २० गुंठ्यांना १२,६००, वजन ३४ किलोच्या आसपास. चार चुडांचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचा) १५ सेंमीचा चौकोन, त्याच्या मधोमध एक गोळी, ७ ते १० सेंमी खोल चिखलात. दोन चौकोनांमध्ये २५ सेंमीची वाट. तेवढ्या खोल चिखलात हवा नसते, म्हणून अमोनियाचं नायट्रेट होत नाही, आणि जे होत नाही ते वाहूनही जात नाही. मुळं स्वतःच गोळीकडे येतात. लावणीनंतर पुन्हा युरिया फेकायची गरज राहत नाही.

यासाठी नायलॉनची दोरी आत्ताच २५-१५-२५-१५ अशा खुणा करून ठेवा. पावसात उभं राहून मोजपट्टी धरणं म्हणजे करमणूक नव्हे. गोळ्या लावणी संपल्यावर त्याच दिवशी खोचायच्या. "उद्या बघू" म्हटलं की त्या घरातच राहतात. आमच्याकडे एका वर्षी पोतं पडवीत उघडं राहिलं आणि दमट हवेने चिकट ढेकूळ झालं, शेवटी कोयतीने फोडलं. तेव्हापासून झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आणि शेतात नेताना लागेल तेवढंच मगात.

ज्या वाफ्यात पाणी ठरत नाही, रात्रीत झिरपून जातं, तिथे गोळी वाया जाते. तो तुकडा वेगळा काढा आणि त्याच्यासाठी साधा युरिया दोन-तीन हप्त्यांत द्यायला बाजूला ठेवा. मेरेची बिळंही मे संपायच्या आत चिखलाने लिंपून घ्या. खेकडा काही कृषी सहायकाला विचारून भोक पाडत नाही.