रील बघून रीळ घेऊ नका

नारळी पौर्णिमा झाली, दर्या जरा निवळला की रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या काठी नव्याकोऱ्या रॉडची रांग लागते. त्यातले निम्मे दिवाळीपर्यंत माळ्यावर जातात आणि वर मालक सांगतात, ‘खाडीत मासाच उरला नाही.’ मासा असतो. रीळ, म्हणजे रॉडवरचं दोरा गुंडाळायचं यंत्र, चुकलेलं असतं.

पहिलं रीळ म्हणून बेटकास्टर घेणं, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. गेल्या हंगामात भाचा पुण्याहून आला तो बेटकास्टर मिरवतच. काळं-लाल, मुठीत मावणारं, दिसायला झकास. “मामा, यात पॉवर जास्त असते. जिताड्याला हेच लागतं.” कुणी सांगितलं म्हटल्यावर मोबाइल पुढे केला. म्हटलं, बरं, टाक.

ओहोटी नुकतीच लागलेली, वारा तोंडावर, दोऱ्याला सहा-सात ग्रॅमचं ल्यूर (खोटं आमिष). गड्याने सगळा जोर लावून फेकलं. ल्यूर दहा हातांवर पडलं आणि रिळावर सुगरणीचं घरटं तयार. सोडवायला अर्धा तास. दुसऱ्या फेकीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेकीनंतर कात्री काढली आणि नवा ब्रेड (पावाचा नव्हे, विणलेला दोरा) तुकड्यातुकड्यांनी खिशात गेला. शेजारी एक आजोबा प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळून, गरीला जिवंत कोळंबी लावून बसले होते. तेवढ्यात त्यांनी दोन तांबोश्या काढल्या. भाच्याकडे एकदाही बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

झालं काय, तर बेटकास्टरमध्ये दोऱ्याबरोबर स्पूल (दोरा गुंडाळलेली चकरी) स्वतः फिरतो. समोरच्या वाऱ्याने ल्यूर मंदावतं, पण स्पूलला त्याची खबर नसते. तो दोरा सोडतच राहतो आणि तो दोरा जागच्या जागी गुंततो. स्पूलला अंगठ्याने आवरावं लागतं, आणि तसा अंगठा दुकानात मिळत नाही. स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर गप्प असतो, दोरा त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघून जातो. त्यामुळे हलकं ल्यूर, समोरचा वारा आणि नवखा हात हे तिन्ही तो निभावून नेतो.

बेटकास्टर वाईट नाही. मुरलेल्या हातात, तिवरांच्या मुळांशी नेमकं ल्यूर टाकून तिथून मासा उपसून काढायला त्यासारखं दुसरं रीळ नाही. पण आधी एक हंगाम स्पिनिंगवर काढा. मग १५ ग्रॅमच्या वरचं ल्यूर लावा, सगळे ब्रेक चढवा, आणि बाजूचा नॉब इतका आवळा की ल्यूर सावकाश खाली उतरेल आणि ते जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. हँडल डावं की उजवं हेही घेतानाच ठरवा. स्पिनिंगचं हँडल बहुतेक वेळा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, याचं येत नाही. बेटकास्टर स्पिनिंगच्या रॉडवर लावणारेही भेटतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.

मोठा मासा हवा म्हणून ८००० नंबरच्या आकाराचं रीळ घेणारे तासाभरात मनगट चोळत बसतात. खाडीला ४००० पुष्कळ झालं, तळ्यात किंवा धरणावर २५००. ५०००-६०००चा विचार खडपावर उभं राहून लांब फेकायचं असेल तरच करा. हे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, म्हणून स्पूलवर किती जाडीचा किती मीटर दोरा बसतो ते वाचा.

बटण दाबून फेकायचं झाकणाचं रीळ मुलांना तळ्यावर ठीक आहे. खाऱ्या पाण्यात झाकणाखाली काय गंजतंय ते कळतसुद्धा नाही. फ्लाय रिळाच्या वाटेला इथे जाऊ नका, तो सगळा वेगळा कारभार आहे.

ब्रेड थेट स्पूलला बांधला तर सगळा गुंडाळा स्पूलवर गरगर फिरतो आणि लोक ड्रॅगला (मासा जोरात ओढू लागला की दोरा सोडणाऱ्या कळीला) शिव्या देतात. आधी तंगुसाचे दहा-बारा वेढे घ्या.

ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावायची फुशारकी नको. माझ्या पिशवीत स्प्रिंगचा काटा असतो. २० पौंडी दोऱ्याला सव्वादोन किलोच्या आसपास ओढ बसली की ड्रॅग सुटायला हवा, म्हणजे दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव.

आता बेअरिंग. दुकानदार “बारा बेअरिंग आहेत, साहेब” म्हणतो तेव्हा मला गंजायच्या बारा जागा दिसतात. बेअरिंगं मोजण्यापेक्षा खारं पाणी आत जाऊ नये म्हणून काय केलंय ते विचारा. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका मे महिन्याच्या अखेरीला पावसाआधीचं शेवटचं गरवून आलो आणि ‘मीठ निघेल’ म्हणून नवं रीळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी पुसून माळ्यावर. नारळी पौर्णिमेला काढलं तर हँडल हलेना. उघडलं तर आत तांबडं पाणी आणि ग्रीसचा साबण झालेला. मीठ निघायचं राहिलं बाजूला, मीच ते आत पोचवलं होतं.

तेव्हापासून घरी आलो की ड्रॅगचा नॉब घट्ट आवळतो, नळाच्या बारीक धारेखाली वरवर धुतो, जुन्या बनियनने पुसतो, सावलीत वाळवतो आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल सोडतो. जेवण त्यानंतर. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी आजोबांसारखी बाटली वापरावी, ती गंजत नाही.

भाचा ते बेटकास्टर माझ्याकडेच टाकून गेलाय. परवा फोनवर विचारत होता, “मामा, माझं रीळ परत कधी देतोस?” म्हटलं, आधी ४०००वर एक तांबोशी काढून दाखव.