घरावर सोलर बसवताय? आगाऊ पैसे देण्याआधी या चुका टाळा

सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किलोवॅटला किती घेता?" भाव विचाराच, पण आधी वीजबिलावरचं नाव बघा. आपल्याकडे कित्येक घरांचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं. घरावरच्या सोलरसाठी अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदानही ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होतं. त्यामुळे आधी महावितरणकडे नावबदल, मग सोलर. उलट क्रमाने गेलात, तर पॅनल छतावर आणि अनुदान अडकलेलं, अशी गत होते.

सोसायटीत राहत असाल तर छत सामाईक असतं. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची आपली होत नाही. अध्यक्षांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि ना-हरकत पत्र हातात घ्या. कमिटी बदलली की तोंडी शब्द कोणालाच आठवत नाही.

अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त असेल तर कमाल ७८,००० रुपये. ते मिळण्यासाठी नुसतं पॅनल भारतात जोडलेलं असून चालत नाही, त्यातले सेलही (वीज तयार करणारे छोटे तुकडे) भारतातच बनलेले लागतात. कोटेशनवर 'डीसीआर' (म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतीय) हा शब्द लिहून घ्या आणि एजन्सी योजनेत नोंदणीकृत आहे ना, हेही तपासा.

क्षमता किती घ्यायची? वर्षभराची बिलं समोर ठेवा. आपल्याकडे १ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी साधारण १२० युनिट मिळतात. वापर २५० च्या आसपास असेल तर २ किलोवॅट पुरतात. "पुढे लागेल" म्हणून ५ किलोवॅट गळ्यात मारून घेऊ नका. जादा युनिट ३१ मार्चपर्यंतच पुढच्या बिलांत वळते होतात, उरलेल्यांना मिळतो तो दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

सगळ्यात महागात पडते ती सावली. पाहणीला माणूस मे महिन्यात येतो, ऊन अगदी डोक्यावर असतं, टाकीची सावली टाकीखालीच. तो म्हणतो, "काही अडचण नाही." पण डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. २ मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे पावणेदोन मीटरपेक्षा लांब पडते, आणि सकाळी ९ वाजता ती वायव्येला साडेचार मीटरपर्यंत पोहोचते. पॅनल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी अख्ख्या रांगेला फटका बसू शकतो. म्हणून टाकी, जिन्याची खोली आणि कठडा यांच्यापासूनची अंतरं हिवाळ्याच्या हिशोबाने काढायला लावा. दक्षिणेला रिकामा प्लॉट असेल तर तिथे उद्या काय उभं राहील, याचाही विचार करा.

वॉटरप्रूफिंग आधी उरका, नंतर पॅनलखाली हात शिरत नाही. सांगाडा गंज न लागणारा, गॅल्व्हनाइज्ड हवा. कोकणात तर यात तडजोड नकोच. २०२० च्या निसर्ग वादळाने तिथली छपरं कशी उडवली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सांगाडा उंच करून खाली बसायला जागा करणं ठीक, पण भिंती घातल्या की ते बांधकाम झालं आणि पालिकेची परवानगी लागली.

वीज गेली की सोलरही बंद पडतं, ही तक्रार फार ऐकू येते. तो बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीवाली हायब्रिड यंत्रणा आधीच ठरवावी लागते.

नेटमीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) बसल्यावर इन्व्हर्टरच्या ॲपवर ३६० युनिट तयार झालेले आणि पहिल्या बिलात निर्यात, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज, १८० दिसली तर घाबरू नका, फरकाचे युनिट दिवसा घरातच वापरले गेले. निर्यात शून्य आली असेल, तर मात्र मीटरवरच्या रीडिंगचा आणि ॲपचा फोटो जोडून महावितरणकडे लगेच लेखी तक्रार करा.