खडकाच्या नावाचं मूळ कसं शोधावं : ‘ट्रॅप’ची गोष्ट

नववीच्या वर्गात दख्खनच्या काळ्या खडकाचा, म्हणजे ‘डेक्कन ट्रॅप’चा विषय चालू असताना एका मुलीने विचारलं होतं, “बाई, डेक्कन ट्रॅप म्हणजे दख्खनचा सापळाच ना? मग त्यात अडकलं काय?” मी म्हटलं, “लाव्हारस.” वर्गाला पटलं, मलाही पटलं. उत्तर साफ चुकीचं होतं, हे मला पुढे काही वर्षांनी कळलं. तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती. तेव्हापासून खडकाचं परकं नाव शिकवण्याआधी मी त्याचं मूळ शोधते. पद्धत अवघड नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

सुरुवातीला ओळखीचा इंग्रजी अर्थ बाजूला ठेवा. खडकांची बरीच नावं इंग्रजीत बाहेरून आली आहेत, आणि आल्यावर ती एखाद्या जुन्या इंग्रजी शब्दासारखी दिसू लागतात. ‘ट्रॅप’चं तेच झालं: इंग्रजीत तो सापळा वाटतो, पण मूळ जिन्यात आहे.

मग वहीचं आडवं पान घेऊन दोन ओळी आखा. वरच्या ओळीत रोजच्या बोलण्यातला शब्द, खालच्या ओळीत खडकाचं नाव, आणि प्रत्येक भाषेला एक रकाना. स्वीडिशमध्ये जिना म्हणजे ‘त्राप्पा’, खडक ‘त्राप’. डॅनिश जिना ‘ट्रापे’, डच जिना ‘ट्राप’. इथवर सगळं एका घरातलं वाटतं. आता जर्मन रकाना नीट पाहा, कारण गाठ तिथेच सुटते. जर्मनमध्ये जिन्याला ‘ट्रेपे’ म्हणतात, पण खडकाला ‘ट्राप’. नाव जर्मनांनी आपल्या जिन्यावरून पाडलं असतं, तर त्यात ‘ए’ आला असता. तो नाही, म्हणजे शब्द तयार होऊन उत्तरेकडून आला. इटालियनमध्ये खडक ‘त्राप्पी’ आणि सापळा ‘त्राप्पोला’. कानाला जवळ वाटतात, पण अर्थ वेगळे. रशियनमध्येही सायबेरियातल्या अफाट लाव्हाथरांना ‘त्राप्पी’च म्हणतात आणि जिन्याला भलताच शब्द आहे.

रकाने भरले की माणूस आणि जागा शोधा. अठराव्या शतकातल्या स्वीडिश खनिजतज्ज्ञांच्या लेखनात हा शब्द सापडतो. उप्सालाचे रसायनशास्त्रज्ञ तोर्बेर्न बर्गमन (१७३५–१७८४) त्यांच्यातले एक. त्यांचा जन्म वेस्तेरयोतलंड प्रांतातला. तिथे किन्नेकुल्ले नावाचा ३०६ मीटर उंचीचा डोंगर आहे. खाली वालुकाश्म, शेल, चुनखडक असे थर आणि माथ्यावर या काळ्या खडकाची टोपी. डोंगर टप्प्याटप्प्याने चढत जातो. चित्र पाहिलं की जिना सुचणं किती साहजिक होतं ते कळतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. नाव पडलं तेव्हा ते कशाला होतं आणि आज कशाला आहे, हे वेगवेगळं लिहा. किन्नेकुल्लेचा माथ्यावरचा खडक जमिनीवर वाहिलेला लाव्हा नाही. तो जमिनीच्या पोटात, आधीच्या थरांमध्ये घुसून थिजला, आणि वरचं सारं झिजून गेल्यावर उघडा पडला. आपला दख्खनचा खडक मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्ह्याचा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३३ साली दख्खनच्या भूरचनेवर लिहिलं तेव्हा काळ्या, बारीक कणांच्या कितीतरी खडकांना ‘ट्रॅप’ म्हणायची रीत पडली होती. अमेरिकेतले खाणवाले अजूनही तसं म्हणतात.

ही पद्धत दर वेळी चालत नाही. ‘बेसाल्ट’ घ्या. रकाने भरले तर सगळ्या भाषांत जवळजवळ एकच रूप मिळतं आणि हाती काही लागत नाही. कारण चूक सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचलली आहे. रोमन लेखक प्लिनीच्या पोथीत मूळ शब्द ‘बासानितेस’ होता, कसोटीच्या दगडाच्या ग्रीक नावावरून आलेला. नकला करताना तो ‘बासाल्तेस’ झाला. १५४६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ अग्रिकोलाने सॅक्सनीतल्या श्टॉल्पेनच्या काळ्या खांबांना तेच नाव दिलं आणि ते युरोपभर गेलं. अशा वेळी भाषांची तुलना सोडून पोथ्यांच्या पाठभेदांकडे जावं लागतं.

शेवटी पुस्तक मिटून डोंगरासमोर उभे राहा. मी नाणेघाट उतरून वैशाखऱ्याला गेले आणि वळून पाहिलं. घट्ट लाव्हाथराचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र, ठिसूळ थराची झाडीने भरलेली सपाटी, पुन्हा कडा. बरोबरच्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं, “बाबा, त्या दोन कड्यांमधल्या सपाटीला काय म्हणता?”

“पदर,” ते म्हणाले. “आमची गुरं पदरातच चरतात.”

स्वीडिश माणसाला जिना दिसला, इथल्या माणसाला लुगड्याचा पदर. तुमच्या वहीतही मराठीचा रकाना ठेवा, आणि तो भरण्याआधी त्या डोंगरात गुरं चारणाऱ्याला विचारा.