आधी खूश व्हा, चुका उद्या काढा

मेणवलीच्या घाटावर जलरंगात चित्र करून घरी आलो की त्या दिवशी मी चुका काढत नाही. चित्र फडताळावर टेकवतो, चहा घेतो आणि चक्क खूश होतो. लाज कसली? दोन तास उन्हात बसलोय.

दुसऱ्या दिवशी ते आरशात बघा. डावं-उजवं उलटलं की वाकडी पायरी लगेच खुपते. मग मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. माझ्या पायऱ्या आणि कृष्णेचं पाणी एकाच करड्या छटेत मिसळलेलं निघालं. सावली गडद हवी होती. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद लावायचा. कळतं सगळं, हात घाबरतो.

कागदामागे पेन्सिलीने तारीख, आवडलेली एक जागा आणि सुधारायची एकच गोष्ट लिहा. पूर्वी मी सात-आठ लिहायचो, मग पंधरा दिवस ब्रशला हात लावत नसे.

जुनं चित्र चोळत बसू नका, कागदाचे तंतू निघतात. नव्या कागदावर तोच घाट काढा. पहिल्या चित्रातलं झाड मात्र मला अजून आवडतं.